उकळतं वॉर्ट केटलमधून काढताना पंप मध्येच पाणी सोडतो (धार तुटते), काय चुकतंय?

गंगापूररोडची

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवटच मिळेल, म्हणून बैजवार लिहिते.

मी नाशिकला एका परवानाधारक मायक्रोब्रुअरीत सहायक ब्रुअर आहे. नवीन रेसिपी थेट मोठ्या प्लँटवर घेता येत नाही. ५०० लिटर बिघडलं तर माल्ट, हॉप्स, गॅस, मेहनत सगळंच गटारात जातं. म्हणून चाचणीसाठी मालकांनी ५० लिटरची एक केटल परदेशातून मागवली. तिकडे हौशी लोक घरच्या घरी बिअर करायला वापरतात, तीच. दिवाळीपासून ती माझ्या ताब्यात आहे. सोमवारी गर्दी नसते, तेव्हा मी तिच्यावर बॅच लावते.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी एवढंच, की दळलेलं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) गरम पाण्यात भिजवून जे गोड पाणी निघतं ते वॉर्ट. ते हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) घालून तासभर उकळायचं, झटपट गार करायचं आणि मग यीस्ट घालायचं. माझी सगळी अडचण या उकळण्याच्या आणि गार करण्याच्या मधल्या टप्प्यात आहे.

मांडणी अशी. केटल गॅसच्या शेगडीवर, शेगडी गुडघ्याएवढी उंच. केटलच्या तळाशी अर्ध्या इंची बॉल व्हॉल्व्ह. आतल्या बाजूने त्याला बोटभर जाडीची स्टीलच्या जाळीची नळी आहे, हॉप्सचा चोथा अडवायला. बाहेरून निपल (नळी चढवायचं आट्यांचं तोंड), निपलवर पारदर्शक सिलिकॉनची नळी, ती जाते छोट्या मॅग्नेटिक पंपाला. पंप शेजारच्या स्टुलावर, साधारण व्हॉल्व्हच्याच उंचीवर. पंपातून वॉर्ट प्लेट चिलरमध्ये (पातळ पत्र्यांचे थर, पत्र्याच्या एका बाजूने वॉर्ट, दुसऱ्या बाजूने गार पाणी) आणि तिथून गार होऊन फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवायच्या भांड्यात.

मागच्या सोमवारची बॅच: ७ किलो पेल माल्ट, उकळी फुटली तेव्हा ३६ लिटर, तासाभराने ३२. हॉप्स सगळे पेलेटचे, एकूण १२० ग्रॅम, त्यातले निम्मे गॅस बंद करताना टाकले. गॅस बंद केला, पाच मिनिटं थांबले, व्हॉल्व्ह उघडला, पंप चालू केला.

पहिली पाच-सहा मिनिटं सुरेख गेली. कोऱ्या चहाच्या रंगाचं वॉर्ट नळीतून सलग वाहत होतं, इतकं सलग की नळी भरलेली आहे की रिकामी ते हात लावून बघावं लागावं. मग निपलपासून वीतभर अंतरावर मोहरीएवढे बुडबुडे दिसायला लागले. मोहरीचे वाटाणे झाले, वाटाण्यांची माळ झाली. पंप आधी गुणगुणत होता, तो आत खडे टाकल्यासारखा कडकड करायला लागला आणि धार तुटली. पंप फिरतोय, वॉर्ट जागचं हलत नाही. बंद केला, नळी वरखाली केली, पुन्हा चालू केला. दोन मिनिटं चालला, पुन्हा तेच. असं चार वेळा. २२ लिटर फर्मेंटरमध्ये जायला एक तास दहा मिनिटं लागली. उरलेलं चोथ्यात मिसळून गेलं होतं, ते ओतून दिलं आणि रजिस्टरला तशी नोंद केली.

त्याच्या आधीच्या बॅचला याहून वाईट झालं होतं. पंप अजिबात चालेना म्हणून मी स्टीलच्या तांब्याने वॉर्ट काढून फर्मेंटरमध्ये ओतलं. हे सगळं होईपर्यंत ते कोमट झालेलं. सहाव्या दिवशी झाकण उघडलं तर ताक आंबल्यासारखा वास. अख्खी बॅच फेकली. ते माल्ट मी स्वतः निवडून दळलं होतं, फार लागलं मनाला.

पंप जिथून घेतला त्यांना फोन केला, तर "उकळतं द्रव चालतं, पंपात दोष नाही" एवढंच उत्तर मिळालं.

तर मोठा पंप घेऊ का? की पंप सोडून सायफनने काढू? आणि दुसरं म्हणजे ३२ मधून २२ मिळाले, तर १० लिटर गेले कुठे? तळाशी एवढं उरलेलं मला तरी दिसलं नाही.

सिन्नरकर_सध्या_अमेरिकेत

ताई, पंप बदलू नका, पैसे वाया जातील.

मी इथे गॅरेजमध्ये बारा वर्षं बिअर करतोय. इथे स्वतःपुरती घरी करायला १९७८ च्या कायद्याने मोकळीक मिळाली. एक प्रौढ माणूस असेल तर वर्षाला १०० गॅलन, घरात दोन किंवा जास्त असतील तर २००, विकायची मात्र नाही. त्यामुळे तुम्ही सांगताय ती बुडबुड्यांची माळ इथल्या बहुतेक हौशी लोकांनी कधी ना कधी पाहिलेली असते.

आधी लिटरचा हिशेब मिटवू. ३२ लिटर तुम्ही उकळतं असताना मोजलंत. उकळीपासून २० अंशांपर्यंत येताना पाणी सुमारे ४ टक्के आक्रसतं. म्हणजे ३२ चे ३०.७ झाले. हे सव्वा लिटर कुठेही सांडलेलं नाही. १२० ग्रॅम पेलेट आणि उकळीत साकळलेली प्रथिनं मिळून दोन-अडीच लिटर धरून ठेवतात. नळ्या, पंप आणि चिलरमध्ये अर्धा लिटर. म्हणजे सगळं नीट झालं तर २७-२८ हातात यावेत. तुमचं खरं नुकसान पाच-सहा लिटरचं आहे.

आता बुडबुडे. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच आहे, तिथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. गॅस बंद करून पाच मिनिटांत तुमचं वॉर्ट ९५ ला असेल. पंपाच्या तोंडाशी दाब थोडा कमी होतो, आणि दाब कमी झाला की तेच वॉर्ट तिथल्या तिथे पुन्हा उकळायला लागतं. पंपात खडे टाकल्यासारखा आवाज येतो तो वाफेचे बुडबुडे फुटण्याचा. मी आकडे मांडून बघितले. नाशिकच्या हवेच्या दाबाला ९५ अंशांवर जेमतेम १ मीटर पाण्याच्या उंचीइतका दाब कमी झाला तरी उकळी फुटते. ८५ अंशांवर हीच सूट साडेतीन मीटरच्या वर जाते. दहा अंशांत एवढा फरक पडतो. म्हणून ८५ च्या खाली येईपर्यंत पंपाला हात लावू नका.

थांबायचं तो वेळ फुकट जात नाही. गॅस बंद केल्यावर स्वच्छ लांब चमच्याने वॉर्ट एकाच दिशेने गोल ढवळा, चांगला भोवरा होईपर्यंत, आणि मग वीस मिनिटं त्याला अजिबात डिवचू नका. कपातला चहा ढवळला की पत्ती मधोमध गोळा होते, तसा चोथा केटलच्या मध्यावर ढीग करून बसतो. तळाशी घर्षणामुळे फिरण्याचा वेग कमी पडतो, त्यामुळे तळालगतचा प्रवाह कडेकडून मध्याकडे वळतो आणि गाळ सोबत नेतो. आइनस्टाइनने १९२६ साली नद्या वळणं का घेतात हे समजावताना याच चहाच्या पत्तीचं उदाहरण घेतलं होतं. गोदावरीच्या वळणावर आतल्या बाजूला वाळू साठते तीही याच कारणाने. ब्रुअरीत ही युक्ती आली १९६० साली, कॅनडातल्या मोल्सनमध्ये. तुमच्या मोठ्या प्लँटवर व्हर्लपूलचं, म्हणजे या भोवऱ्याचं, वेगळं भांडं असेलच.

आणि ती जाळी काढून टाका. अख्खी हॉप्सची फुलं वापरत असाल तर जाळी उपयोगाची, फुलांचाच थर जाळीवर बसून गाळणी होते. पेलेट म्हणजे दाबलेला भुगा. उकळीत फुटून त्याचा चिखल होतो आणि तो जाळीच्या भोकांत लिंपल्यासारखा बसतो. जाळी बुजली की पंपाला वॉर्ट मिळत नाही, तोंडाशी दाब पडतो, की पुन्हा वाफ. जाळीच्या जागी एक वाकडी नळी लावा, तिचं तोंड मध्याकडे न ठेवता कडेच्या भिंतीकडे वळवा. ढीग मध्ये, तोंड कडेला.

सायफन उकळत्या वॉर्टला चालत नाही, वाफ होऊन धार तुटते. हाताने दाबायचा प्लास्टिकचा सायफन तर गरमीने तडकतो. तोंडाने ओढायचं तर नावच काढू नका, जीभ भाजेल आणि तोंडातले जंतू वॉर्टमध्ये जातील.

एक कळकळीची विनंती. धार आपोआप यावी म्हणून कोणी भरलेली गरम केटल उचलून टेबलावर ठेवायला सांगेल. मी एकदा २० लिटरचं भांडं असं उचललं आणि कडेने हिंदकळून पायावर सांडलं. तीन आठवडे बूट घालता आला नाही. उंचीवर ठेवायची तर रिकामी असतानाच ठेवा.

वाचनमात्र

विषय आवडला, पण नवीन वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवतो. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय दारू तयार करणं गुन्हा आहे आणि त्यात घरची बिअरही येते. वरचे सिन्नरकर अमेरिकेत आहेत आणि प्रश्न विचारणाऱ्या ताई परवान्याच्या जागेत काम करतात. हे वाचून कोणी सिडकोतल्या फ्लॅटच्या गच्चीवर प्रयोग सुरू करू नयेत.

गंगापूररोडची

वाचनमात्र, बरोबर आहे, मीच आधी लिहायला हवं होतं. आमच्याकडे चाचणीचा प्रत्येक लिटर रजिस्टरला चढतो, फेकलेलासुद्धा.

सिन्नरकर दादा, फार आभार. आकड्यांनी डोकं एकदम स्वच्छ झालं. एक शंका मात्र राहते. माझे बुडबुडे निपलपाशी सुरू होत होते, पंपाच्या तोंडाशी नाही. वाफच असेल तर ती पंपापाशी दिसायला हवी ना?

अंबडचा_फिटर

ताई, तुमची शंका रास्त आहे. निपलपाशी बुडबुडा म्हणजे तिथून हवा आत जातेय. वाफेचं जे सांगितलं तेही खरं, पण तुमच्याकडे दोन दुखणी एकत्र आहेत असं मला दिसतं.

मी अंबडला एसएसचं (स्टेनलेस स्टीलचं) फॅब्रिकेशन करतो, डेअरीचं आणि वायनरीचं. त्याआधी दहा वर्षं निफाड तालुक्यात विहिरीच्या मोटारी दुरुस्त केल्या. शेतकरी म्हणायचा, मोटर पाणी सोडते, मोटर बदलून द्या. आम्ही जाऊन बघायचो तर मोटर ठणठणीत, सक्शनच्या पाइपाला सांध्यावर केसाएवढी फट. पाणी बाहेर गळत नाही म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. सक्शनला बाहेर गळत नसतंच, ती हवा आत घेते. पंप ढकलायला बनवलाय, ओढायला नाही. त्याच्या तोंडापर्यंत पाणी आपल्या वजनाने चालत आलं पाहिजे. तुमचा छोटा पंप तर स्वतःहून हवा बाहेर काढूच शकत नाही. एकदा डोक्यात हवा शिरली की तो नुसता फिरतो.

आता मला सांगा, केटल परदेशातली, मग बाहेरचं निपल कुठलं? इथलं घेतलंय का?

असेल तर आटे तपासा. अमेरिकन मालाला एनपीटी आटे येतात, आपल्याकडे दुकानात मिळतं ते बीएसपी. अर्ध्या इंचात दोन्हींना एका इंचात १४ आटे असतात, म्हणून एकात दुसरं आरामात चढतं आणि माणूस फसतो. पण एनपीटीच्या आट्याचा कोन ६० अंश आणि बीएसपीचा ५५, व्यासातही थोडा फरक. दोन-तीन वेढे छान बसतात, मग घट्ट झाल्यासारखं वाटतं, आत मात्र आट्याच्या कडेने नागमोडी वाट मोकळी राहते. टेफ्लॉन कितीही गुंडाळा, गरम-गार होऊन चार बॅचमध्ये ते सैल पडतं.

खात्री करायची पद्धत सांगतो. केटलमध्ये साधं गार पाणी भरा, पंप चालवा. गार पाण्याची वाफ होणार नाही, त्यामुळे बुडबुडा दिसला तर तो हवेचाच. दिसला नाही तर जाळीवर फडकं गुंडाळून वाट अर्धी बंद करा आणि पुन्हा चालवा, म्हणजे ओढ वाढेल. बुडबुडे आले की निपलच्या सांध्याभोवती पोळीच्या कणकेचा गोळा दाबून बसवा. बुडबुडे थांबले तर चोर सापडला. साबणाचं पाणी लावू नका, ओढ असल्याने ते आत जाईल.

पंप स्टुलावरून खाली जमिनीवर घ्या. पंपाचं डोकं असं फिरवा की बाहेर जायचं तोंड वर राहील, म्हणजे अडकलेली हवा आपोआप वर निघून जाते. आधी व्हॉल्व्ह उघडून पंप वॉर्टने भरू द्या, मगच बटण दाबा. धार कमी करायची तर पंपाच्या पुढच्या बाजूला करा. मागचा व्हॉल्व्ह कायम पूर्ण उघडा. सगळे इथेच चुकतात, मागचा व्हॉल्व्ह अर्धा बंद करून धार कमी करतात आणि पंपाचा गळा दाबतात.

आणि नळीला दोन्ही टोकांना क्लॅम्प आहे ना? ९० अंशाचं वॉर्ट भरलेली नळी निपलवरून निसटली तर ती जमिनीवर सापासारखी फिरते. बंद बूट घाला, चप्पल नको.

तळघर_दिंडोरी

मी वायनरीत तळघर सांभाळतो. बिअरमधलं फार कळत नाही, पण एक भांडं रिकामं करून दुसरं भरणं हे वर्षभर करतो, म्हणून दोन शब्द.

तांब्याने काढलेल्या बॅचचं दुःख समजतं. तांब्या धुतलेला असेल, पण ६०-७० अंशांच्या खाली आलेलं गोड पाणी म्हणजे जंतूंना जेवणाचं ताट. गरम असेपर्यंत उष्णताच राखण करते. गार झाल्यावर मात्र ज्याला ज्याला ते शिवणार, ते सगळं त्याआधी निर्जंतुक केलेलं पाहिजे. चिलरच्या पुढची नळी, फर्मेंटरचं तोंड, झाकण, तुमचे हात. आम्ही पेरासिटिक अॅसिड वापरतो. प्लेट चिलरच्या आत काय अडकलंय ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून काम झाल्या झाल्या उलट्या दिशेने पाणी मारा, मग गरम कॉस्टिक, मग पुन्हा पाणी. दुसऱ्या दिवशी करू म्हणालात तर वाळलेला चोथा आतच राहतो. तुमच्या आंबट बॅचमागे हेही असू शकतं. चोथा आधीच्या बॅचचा आणि खापर तांब्यावर. बॅच सुरू करण्याआधी चिलरमधून उकळतं पाणी पंधरा मिनिटं फिरवून बघा, काय बाहेर येतं ते.

साका तळाशी ठेवून वरचं निवळ काढणं हे आमच्याकडे संयमाचं काम मानतात. शेवटच्या दोन लिटरांसाठी केटल वाकवू नका. ते दोन लिटर बाकीच्या पंचवीसांना गढूळ करतात.

सिन्नरकर_सध्या_अमेरिकेत

फिटर काका, एनपीटी-बीएसपी डोक्यातच आलं नव्हतं, इथे सगळंच एका प्रकारचं मिळतं. अगदी नेमकं पकडलंत.

ताई, एक जास्तीचा पर्याय. प्लेट चिलरची चोथ्याशी कायमच भांडणं होतात. त्यापेक्षा तांब्याच्या (कॉपरच्या) नळीचं वेटोळं करून ते केटलमध्येच बुडवायचं आणि वेटोळ्यातून गार पाणी फिरवायचं. उकळी संपायच्या पंधरा मिनिटं आधी आत सोडलं की तेही निर्जंतुक होतं. वॉर्ट केटलमध्येच गार झालं की मग पंपाला वाफेची भीती उरत नाही. मे महिन्यात तुमच्या टाकीचं पाणीच ३२-३४ अंश असेल, त्याने वॉर्ट ३६-३७ च्या खाली येणार नाही. म्हणून आधी टाकीच्या पाण्याने ४५ पर्यंत आणा. मग टबात बर्फ आणि पाणी घालून डेझर्ट कूलरमधल्या छोट्या पंपाने ते वेटोळ्यातून फिरवा. कूलरचा पंप फक्त या पाण्यासाठी, वॉर्टला त्याचा स्पर्शही नको.

केटलवर झाकण मात्र गच्च लावू नका, फटीपुरतं उघडं ठेवा. गॅस बंद झाल्यावरही बराच वेळ उकडलेल्या मक्यासारखा वास बाहेर पडत असतो. तो कोंडला तर बिअरमध्ये राहतो.

गंगापूररोडची

मंडळी, दहा दिवसांनी लिहिते आहे, कारण सगळं करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

बाबांना फोनवर बुडबुड्यांचं सांगितलं. आमची दिंडोरीला द्राक्षबाग आहे, विहीर आहे. केटल, वॉर्ट काही न विचारता ते पटकन म्हणाले, "सक्शनला हवा घेत असेल बघ." काका, अगदी तुमचंच वाक्य. लहानपणी पावसाळ्यानंतर मोटर भरताना बाबा पाइपात शेणकाला ओतायचे, फूटव्हॉल्व्हची (पाइपाच्या तळाच्या झडपेची) फट बुजावी म्हणून, ते मी शंभर वेळा पाहिलंय. तरीही केटलसमोर उभी राहिले तेव्हा ते आठवलं नाही.

गार पाण्याची चाचणी केली. नुसतं पाणी, जाळी मोकळी: एकही बुडबुडा नाही. क्षणभर वाटलं, सांधा ठीक आहे. मग जाळीवर फडकं गुंडाळलं, आणि अर्ध्या मिनिटात निपलपासून वीतभर अंतरावर तीच मोहरी, तेच वाटाणे, तीच माळ. पाणी गार होतं, म्हणजे वाफ असणं शक्यच नव्हतं. स्वयंपाकघरातून कणकेचा गोळा आणला, सांध्याभोवती अंगठ्याने दाबत फिरवला. गोळा पूर्ण वेढा घेऊन जिथे जुळला तिथे शेवटचा बुडबुडा आला आणि नळी भरून गेली. मी पंप बंद करून परत चालू केला, खात्रीसाठी. एकही नाही. आमचा आचारी शेजारी उभा होता, त्यालाही आनंद झाला.

म्हणजे सगळं असं घडत होतं. सुरुवातीला जाळी मोकळी, म्हणून पहिली पाच मिनिटं छान जायची. मग हॉप्सचा चिखल जाळीत बसायचा, ओढ वाढायची, सांधा हवा घ्यायचा, वर ९५ अंशांची वाफ. तिन्ही एकाच वेळी. जाळी उचलून उजेडात धरली तर निम्म्या भोकांतून पलीकडचं दिसत नव्हतं, हिरवट राखाडी लेप वाळून बसला होता. ब्रशने निघाला नाही, कॉस्टिकमध्ये रात्रभर ठेवावी लागली.

तळघर दादा, चिलरबद्दल तुम्ही म्हणालात ते खरं निघालं. उकळतं पाणी उलट्या दिशेने सोडलं तर पहिले दोन मग काळपट आले, त्यात हॉप्सचे तुकडे. मी तो प्रत्येक वेळी नळाच्या पाण्याने धूत होते आणि स्वच्छ समजत होते. आंबट बॅचचं कारण तांब्या की हे, आता सांगता येणार नाही, पण यापुढे दोन्ही होणार नाहीत.

काल नवीन बॅच लावली, तीच रेसिपी, तेच १२० ग्रॅम, म्हणजे तुलना करता येईल. जाळी काढली, जागी वाकडी नळी, तोंड भिंतीकडे. पंप जमिनीवर, बाहेरचं तोंड वर. निपल अजून जुनंच आहे, त्यावर तात्पुरतं टेफ्लॉन नव्याने गुंडाळून घट्ट केलंय. गॅस बंद, भोवरा, वीस मिनिटं घड्याळ लावून थांबले. थांबणं जड गेलं, दोनदा झाकण उचलायला हात गेला. ८४ अंशांना व्हॉल्व्ह पूर्ण उघडला, नळी आपोआप भरत पंपापर्यंत आली, पंपाच्या पुढच्या नळीत वॉर्ट चढलेलं दिसलं, मग बटण दाबलं. आधी धार अर्धी ठेवली, पुढच्या व्हॉल्व्हने.

अठरा मिनिटांत काम झालं. २७.५ लिटर, २२ अंशांवर, कारण चिलरच्या पाण्याला बर्फाचा टब जोडला होता. दादा, तुमचा अंदाज २७-२८ होता. शेवटी वॉर्टची पातळी खाली गेली तेव्हा केटलच्या मधोमध चोथ्याचा ढीग उघडा पडला, वर थोडा खचलेला, पुरणाचा गोळा ताटात ठेवल्यासारखा. कडेने वॉर्ट निवळ वाहत होतं आणि ढीग जागचा हलला नाही. मी फोटो काढायच्या ऐवजी बघतच बसले. नळीचं तोंड उघडं पडून हवा ओढायला लागलं त्या क्षणी पंप बंद केला, केटल वाकवली नाही.

आज सकाळी फर्मेंटरच्या एअरलॉकमधून (वायू बाहेर सोडणारी, हवा आत न घेणारी झडप) सेकंदाला एक बुडबुडा येतोय. वास ताज्या पावासारखा.

काका, एवढं सांगा, नवीन निपल एनपीटी आट्याचं नाशिकमध्ये मिळेल का, की वेल्डिंग करून टीसी क्लॅम्पच (बिनआट्यांचा, बाहेरून कडी आवळून बसणारा जोड) बसवून घेऊ? मोठ्या प्लँटवर सगळे टीसीच आहेत.

अंबडचा_फिटर

ताई, टीसीच करा. आटे म्हटलं की त्यात चोथा बसायला जागा आलीच, आणि ते रोज खोलून धुता येत नाही. टीसी हाताने सुटतो, वायसर काढून दोन्ही तोंडं पुसता येतात. केटलची भिंत पातळ असणार, म्हणून ती मला बघावी लागेल, जाडी मोजून मगच टिग वेल्डिंग. आतून आर्गन देऊन करू, म्हणजे वेल्डच्या मागे काळं पडणार नाही. नाहीतर तिथे गंज धरतो आणि जंतूंना घर मिळतं.

केटल, व्हॉल्व्ह आणि आतली वाकडी नळी तिन्ही घेऊन या, वाकडी नळीसुद्धा त्याच फेरूलला (टीसीच्या वेल्ड केलेल्या तोंडाला) आतून जोडून देतो. शनिवारी अंबडला वीज बंद असते, शुक्रवारी अकराच्या आत या. वायसर सिलिकॉनचं आणा, तुमच्या प्लँटवर दीड इंची असेल तर तोच माप ठेवू, म्हणजे तुमचे क्लॅम्प एकमेकांना चालतील.

गंगापूररोडची

दीड इंचीच आहे काका. शुक्रवारी साडेदहाला केटल घेऊन पोचते.